तो एक सेकंद परत द्या!

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९०७ साली ऑबर्न आणि अलाबामा या दोन कॉलेजांचा फुटबॉलचा सामना झाला आणि ६-६ असा बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचे ठरत असताना खेळाडूंना रोजचा भत्ता किती द्यायचा, बरोबर किती जण आणायचे आणि पंच कुठून बोलवायचा, यावरून बोलणी फिसकटली. भत्त्यातला फरक चिल्लर नाण्यांचा होता. पण भाऊबंदकीत रकमेला कधीच महत्त्व नसते. बांध किती इंच सरकला यापेक्षा तो सरकवला कोणी, हा प्रश्न असतो. दोन्ही कॉलेजांनी जो अबोला धरला तो थेट १९४८ पर्यंत. मधल्या काळात दोन महायुद्धे सुरू होऊन संपली, पण ऑबर्न आणि अलाबामा काही एका मैदानात उतरले नाहीत. अखेर राज्याच्या विधिमंडळात ठराव झाला की बाबांनो, आता पुरे.

मग ४ डिसेंबर १९४८ रोजी सकाळी बर्मिंगहॅममधल्या एका बागेत दोन्हीकडच्या विद्यार्थी संघटनांच्या अध्यक्षांनी खड्डा खणला आणि त्यात खरोखरची कुऱ्हाड पुरली. वैर संपल्याची ती तिकडची खूण. त्याच दुपारी अलाबामाने ऑबर्नला ५५-० असे झोडपून काढले. कुऱ्हाड बहुधा घाईत पुरली असावी.

तेव्हापासून हा सामना दरवर्षी होतो. बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या कारखान्यांवरून त्याला ‘आयर्न बोल’ असे नाव पडले. अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा बडा संघ नाही, बास्केटबॉलचा नाही, बेसबॉलचाही नाही. त्यामुळे इतर राज्यांतले लोक जी भक्ती चार-पाच संघांत वाटून टाकतात, ती सगळी इथे दोन कॉलेजांच्या वाट्याला येते. घरात नवरा एका बाजूचा आणि बायको दुसऱ्या बाजूची असेल, तर दोन्ही संघांची बोधचिन्हे अर्धी-अर्धी छापलेला झेंडा विकत मिळतो. तो दाराबाहेर लावायचा. आलेल्या पाहुण्याला कुठल्या विषयावर बोलायचे नाही हे उंबऱ्यावरच कळते.

या भाऊबंदकीत धाकटेपण ऑबर्नकडे आहे. २०१० च्या जनगणनेनुसार ऑबर्न गावाची लोकसंख्या ५३ हजारांच्या आसपास, आणि गावातल्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये तेव्हा माणसे मावत ८७,४५१. म्हणजे आख्खे गाव, तान्ह्या बाळांसकट, आत जाऊन बसले असते तरी चौतीसेक हजार खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. त्या रिकाम्या राहत नसत.

संघाचे नाव टायगर्स, म्हणजे वाघ. मैदानात पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घातलेला वाघही हिंडत असतो. पण सामना सुरू होण्याआधी स्टेडियमच्या माथ्यावरून जो प्राणी घिरट्या घालत खाली उतरतो तो गरुड असतो, जिवंत, खरा, आणि प्रेक्षक ज्या आरोळीने त्याचे स्वागत करतात ती आहे ‘वॉर ईगल’. ही आरोळी रामरामासारखीही चालते. ऑबर्नची टोपी घातलेला माणूस परक्या विमानतळावर दिसला तर दुसरा ऑबर्नवाला लांबूनच ‘वॉर ईगल’ म्हणतो आणि पहिला तितक्याच गंभीरपणे ‘वॉर ईगल’ म्हणून पुढे जातो. वाघांच्या संघाने गरुडाचा जयजयकार का करायचा, याच्या ऑबर्नमध्ये अनेक कथा सांगतात. त्यांतली एकही दुसरीशी जुळत नाही, आणि कोणाचे काही अडत नाही.

सामना जिंकला की गावकरी टूमर्स कॉर्नर नावाच्या चौकात जमतात आणि तिथल्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात. झाडे वरपासून खालपर्यंत पांढरी होतात. दुसऱ्या दिवशी सफाई कामगार येतात. एखाद्या परग्रहवासीयाने हे पाहिले तर त्याला नेमके काय वाटेल, हा विचार ऑबर्नकरांना शिवलेला नाही.

२०१० साली ऑबर्नने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर, २४-० अशी पिछाडी भरून काढत, २८-२७ असे हरवले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. जानेवारी २०११ मध्ये एका क्रीडाविषयक रेडिओ कार्यक्रमात फोन आला. बोलणारा म्हणाला, मी डेडव्हिलचा अल. त्याने शांतपणे सांगितले की टूमर्स कॉर्नरच्या झाडांच्या मुळाशी आपण तणनाशक ओतले आहे. लोकांना वाटले, बडबडतोय. माती तपासली तर विष खरेच निघाले, तेही नेहमीच्या वापराच्या कितीतरी पट. गुन्हेगार म्हणून सापडला तो एक निवृत्त पोलीस आणि अलाबामाचा कडवा भक्त. त्याने मुलाचे नाव अलाबामाच्या जुन्या कोचवरून ‘बेअर’ ठेवले होते आणि मुलीचे नाव संघावरून ‘क्रिमसन टाइड’, फक्त स्पेलिंग थोडे बदलून. झाडे वाचवायचे सगळे प्रयत्न झाले. एप्रिल २०१३ मध्ये ती तोडावी लागली.

म्हणजे २०१३ चा मोसम आला तेव्हा ऑबर्नकडे पेपर फेकायला झाडेसुद्धा उरली नव्हती. विद्यापीठाने चौकात खांब रोवून तारा ताणून दिल्या. अर्थात तारांची गरज पडेल अशी फारशी आशा कोणाला नव्हती.

कारण आदल्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, संघ १२ पैकी ९ सामने हरला होता. आपल्या गटातले, म्हणजे साउथइस्टर्न कॉन्फरन्समधले, आठच्या आठ. शेवटचा सामना अलाबामाशी, ४९-०. दुसऱ्या दिवशी कोच जीन चिझिक यांना नारळ मिळाला. हेच चिझिक दोन वर्षांपूर्वी १४ पैकी १४ सामने जिंकून देशाचे विजेते झाले होते. करार मोडल्याबद्दल त्यांना सुमारे ७५ लाख डॉलर द्यायचे होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नोकरी गेल्यावर माणूस श्रीमंत होतो, ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्यांच्या जागी आले गस मालझान. हा माणूस पूर्वी आर्कान्सा राज्यात शाळेच्या पोरांना शिकवायचा. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कपाळावर बिनटोपीची झापड, डोळ्यांवर चष्मा. गर्दीत दिसला तर गणिताचा मास्तर वाटावा. सामना जिंकला की तो बायकोला घेऊन वॉफल हाउसमध्ये जेवायला जायचा, ही त्याची प्रसिद्ध ऐश. वॉफल हाउस म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले हमरस्त्यालगतचे, चोवीस तास उघडे असणारे, अंडी-बटाट्यांचे साधे हॉटेल. मालझानने २००३ साली एक पुस्तकही लिहिले होते आणि त्याचा सगळा आशय एकाच शब्दात मावत होता: घाई.

ही घाई कळायला खेळ थोडा सांगावा लागेल. शंभर यार्डांचे मैदान, अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. लंबगोल चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलात की सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात. लाथेने उंच खांबांमधून धाडलात तर तीन, तो फील्ड गोल. घड्याळ साठ मिनिटांचे, पण ते सारखे थांबते, म्हणून सामना साडेतीन तास चालतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये व्यावसायिक सामन्यांचा हिशेब मांडला तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असलेला वेळ सरासरी ११ मिनिटे भरला. उरलेला वेळ घोळका करून कुजबुजण्यात, पंचांनी साखळी धरून अंतर मोजण्यात आणि टीव्हीवरच्या ट्रकच्या जाहिरातींत जातो.

मालझानने कुजबुज बंद केली. एक डाव संपला की घोळका न करता लगेच दुसरा. समोरच्या संघातले सव्वाशे-दीडशे किलोचे गडी धापा टाकत उठतात तोवर चेंडू निघालेला. समोरच्यांना खेळाडू बदलायला सवड नाही, श्वास घ्यायलाही नाही. हा प्रकार ज्यांना अजिबात पसंत नव्हता त्यांत सर्वांत मोठे नाव होते अलाबामाचे कोच निक सेबन यांचे.

सेबन हे त्या काळात अलाबामात हयात माणसाला मिळू शकेल तेवढे देवत्व मिळवून बसले होते. ही अतिशयोक्ती नाही. अलाबामाच्या स्टेडियमबाहेर २०११ मध्येच त्यांचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला होता, आणि ते रोज त्याच आवारात नोकरीला येत. २००९, २०११ आणि २०१२ ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांची. त्यांच्या शिकवणीचे नाव ‘प्रोसेस’. गुणफलकाकडे पाहू नका, निकालाचा विचार करू नका, समोरचा एक डाव तेवढा चोख खेळा. योगायोग, नशीब, दैव या गोष्टींना सेबन यांच्या वेळापत्रकात जागाच नव्हती.

आणि मग तो मोसम सुरू झाला, ज्यात जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा निकाल घड्याळाच्या शेवटच्या काही सेकंदांत लागला.

ऑबर्नचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, होता निक मार्शल. तो आधी शेजारच्या जॉर्जिया विद्यापीठात होता, तेही बचावपटू म्हणून. शिस्तभंगावरून तिथून काढले, म्हणून कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजात गेला, तिथून ऑबर्नला आला. फेकण्यापेक्षा पळण्यात तरबेज. सप्टेंबरमध्ये मिसिसिपी स्टेटविरुद्ध सामना संपायला १० सेकंद असताना त्याने विजयी टचडाउनची फेक केली, २४-२०. पुढच्याच आठवड्यात एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, पावसात ३५-२१ असे हरवून सगळ्यांना जमिनीवर आणले. तिथून मात्र गाडी सुटली ती थांबेना. टेक्सास ए अँड एमच्या घरी जाऊन, आदल्या वर्षी हाइसमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळवलेला जॉनी मॅन्झेल समोर असताना, ४५-४१. धावपटू ट्रे मेसनने निर्णायक टचडाउन केला तेव्हा घड्याळात एक मिनिट एकोणीस सेकंद होते. मधल्या किरकोळ सामन्यांपैकी एकात साठाच्या वर गुणही चोपले. त्यांची कथा सांगण्यासारखी नाही, हरलेल्यांच्या मास्तरांनाही ती नको असेल.

१६ नोव्हेंबरला जॉर्जिया आले. मार्शलचे जुने कॉलेज. शेवटच्या पावणेदहा मिनिटांपर्यंत ऑबर्न ३७-१७ असे पुढे; लोकांनी खिशातले टॉयलेट पेपर चाचपायला सुरुवात केली असणार. मग जॉर्जियाने सलग तीन टचडाउन केले आणि ३८-३७ अशी आघाडी घेतली. ऑबर्नचा शेवटचा डाव भलतीकडेच चालला: चौथा प्रयत्न आणि गाठायचे १८ यार्ड. अशा वेळी कोच जो डाव सांगतात त्याला डाव म्हणायचे की नवस, यावर मतभेद होऊ शकतात. मार्शलने चेंडू जीव खाऊन लांब भिरकावला. तो जिथे उतरत होता तिथे ऑबर्नचा एक आणि जॉर्जियाचे दोन खेळाडू होते. जॉर्जियाच्या दोघांपैकी एकाने नुसता हात लावून चेंडू खाली पाडला असता तरी सामना संपला होता. पण दोघांनाही तो झेलायचा होता. दोघे एकमेकांवर आदळले, चेंडू त्यांच्या हातांना लागून उंच उडाला आणि पुढे पळत चाललेल्या रिकार्डो लुईसच्या खांद्यावरून त्याच्या हातात येऊन पडला. लुईसलाही तो कुठून आला हे मान वळवून पाहावे लागले. ७३ यार्डांचा टचडाउन, २५ सेकंद शिल्लक, ४३-३८.

स्टेडियमचे नाव जॉर्डन-हेअर, म्हणून या फेकीचे नाव पडले ‘प्रेअर ॲट जॉर्डन-हेअर’. एकमेकांवर आदळलेल्या त्या दोघांपैकी ट्रे मॅथ्यूज याला पुढच्या उन्हाळ्यात जॉर्जियाने संघातून काढले. तो कुठे गेला? ऑबर्नला. जॉर्जियाने घालवायचे आणि ऑबर्नने कमवायचे, असा हा खुला व्यवहार होता.

दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला, आयर्न बोल. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, अकरापैकी अकरा जिंकलेले. ऑबर्न चौथ्या क्रमांकावर, जे बारा महिन्यांपूर्वी कोणी बोलले असते तर त्याला घरी नेऊन झोपवले असते.

सामना कसा झाला हे अलाबामाच्या किक मारणाऱ्या केड फॉस्टरला विचारू नये. त्या दिवशी त्याच्या तीन किक वाया गेल्या. दोन हुकल्या, एक ऑबर्नच्या गड्यांनी अडवली. एक किक बसली होती, तर स्वतःच्याच सहकाऱ्याच्या चुकीमुळे ती रद्द झाली आणि पुन्हा मारताना हुकली. याचा परिणाम असा, की चौथ्या सत्रात तीन गुण समोर दिसत असताना सेबन यांनी किकवर विश्वास न ठेवता एका यार्डासाठी धाव घ्यायला लावली, आणि तीही अडली. अलाबामाकडे २८-२१ अशी आघाडी होती ती ए. जे. मॅकॅरनने अमारी कूपरला दिलेल्या ९९ यार्डांच्या पासमुळे. मैदान शंभर यार्डांचे आहे हे लक्षात घेतले तर याहून मोठा पास निसर्गनियमात बसत नाही.

३२ सेकंद उरले असताना मार्शल नेहमीसारखा पळायला निघाला, डाव जिथून सुरू झाला त्या रेषेच्या अलीकडे क्षणभर थबकला, आणि त्याला रोखायला सगळे पुढे धावून आल्याचे पाहून त्यांच्या डोक्यावरून चेंडू सॅमी कोट्सकडे टाकला. ३९ यार्ड, टचडाउन, २८-२८.

आता शहाण्या माणसाने काय करावे? घड्याळ संपू द्यावे आणि जादा डावांत बघून घ्यावे. अलाबामाच्या टी. जे. येल्डनने चेंडू घेऊन धाव घेतली आणि तो सीमारेषेबाहेर गेला तेव्हा घड्याळात शून्य दिसत होते. ऑबर्नचे लोक जादा डावांच्या तयारीला लागले. पण सेबन पंचांकडे गेले. त्यांचे म्हणणे असे, की गड्याचा पाय रेषेबाहेर पडला तेव्हा एक सेकंद बाकी होता. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली. सेबन यांचे डोळे बरोबर होते. घड्याळात एक सेकंद परत घालण्यात आला.

कचेरीत वर्षानुवर्षे हक्काची थकबाकी मागणारा माणूस आणि ती हातात पडल्यावर त्याचे काय करायचे याची त्याला असलेली कल्पना, यांत नेहमीच अंतर राहते. एका सेकंदात दोनच गोष्टी शक्य होत्या: सगळ्यांनी प्रार्थना करत लांब पास टाकायचा, किंवा ५७ यार्डांवरून किक मारायची. फॉस्टरचा दिवस तसा चाललेला, म्हणून किकसाठी बोलावला ॲडम ग्रिफिथ. पहिल्या वर्षाचा पोरगा, पोलंडमधल्या अनाथालयातून अमेरिकेत दत्तक आलेला, पायात ताकद भरपूर. ५७ यार्ड म्हणजे अर्ध्या मैदानाहून जास्त.

आणि इथे मालझानच्या संघात एक साधी गोष्ट झाली. अशा किकच्या वेळी चेंडू खांबांपर्यंत न पोचता आत पडला, तर तो मेलेला नसतो; कोणीही उचलून पळू शकतो. हा नियम सर्वांना माहीत असतो आणि तो कोणाच्या ध्यानात नसतो. ऑबर्नने आधी खांबांखाली एक बचावपटू उभा केला होता. मालझानने खेळ थांबवायची आपली संधी वापरली आणि त्या जागी ख्रिस डेव्हिसला पाठवले. डेव्हिस चेंडू परत घेऊन पळण्यात तरबेज होता.

किक सरळ निघाली, पण थोडी कमी पडली. आखूड. डेव्हिसने ती टोकाच्या पट्ट्याच्या अगदी मागच्या बाजूला झेलली. आता मैदानावर अलाबामाचे कोण होते ते पाहा. किक अडू नये म्हणून रांगेत उभे केलेले भिंतीएवढे गडी, ज्यांना एका जागी उभे राहून धक्का खाण्याचे शिक्षण मिळालेले असते. एक चेंडू धरणारा आणि एक मारणारा. पळणाऱ्याच्या मागे धावायचे म्हणून कोणी आलेलेच नव्हते. डेव्हिस डाव्या बाजूने निघाला, सीमारेषेच्या इतक्या जवळून, की अलाबामाचे लोक आजही त्याच्या बुटाचा फोटो मोठा करून पाहत असतील. भिंतीएवढे गडी वळले, आणि वळेपर्यंत तो गेला होता. ऑबर्नची पोरे त्याच्या पुढे-मागे अडवाअडवी करत धावत होती, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्याला थांबवायला गवत तेवढे उरले होते.

प्रत्यक्षात तो १०९ यार्ड पळाला. नोंदीत मात्र शंभरच लिहिले जातात, कारण मैदान शंभराचे. उरलेले नऊ यार्ड धर्मादाय.

३४-२८. घड्याळात शून्य, या वेळी कोणाचीही हरकत नसलेले शून्य. ८७ हजारांपैकी जितके लोक कठड्यावरून उड्या मारू शकत होते तितके मैदानात उतरले. चौकातल्या तारांना त्या रात्री वाकेपर्यंत पेपर वाहायचा होता. ‘प्रेअर’ला जेमतेम दोन आठवडे झाले होते तोच नवे नाव लागले: ‘किक सिक्स’. किक मारली एकाने, सहा गुण मिळाले दुसऱ्याला.

पुढच्या आठवड्यात डेव्हिस वर्गात आला. वर्ग म्हणजे साधा, बाकांचा. तो दारातून आत येताच सगळे विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवू लागले. याची चित्रफीत आहे. त्यात डेव्हिस खाली मान घालून जागा शोधतो आहे.

दुसऱ्या बाजूला फॉस्टरला समाजमाध्यमांवर धमक्या येत होत्या. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या पायावर राज्यातल्या निम्म्या प्रौढांनी आपली इभ्रत गहाण ठेवली होती आणि ती गेल्याचा राग तेच त्याच्यावर काढत होते. त्याला धीर देणारी एक चिठ्ठीही आली. पाठवणाऱ्याचे नाव जॉर्ज डब्ल्यू. बुश. अपयश म्हणजे काय हे आपल्यालाही ठाऊक आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले होते. याबद्दल बुश यांच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेतली नाही.

इथे एक तपशील नोंदवला पाहिजे. हे सगळे सुरू असताना खेळाडूंना पगार नव्हता. शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुस्तके, बस्स. राष्ट्रीय संघटना एनसीएए हौशी खेळाचे पावित्र्य इतक्या निष्ठेने जपत होती, की काही वर्षे तिचा नियम असा होता: खेळाडूला मधल्या वेळी कॉलेजने बेगल, म्हणजे गोल पाव, द्यायला हरकत नाही, पण त्यावर क्रीम चीज लावलेले चालणार नाही. कोरडा पाव हा खाऊ, चीज लावले की लाच. स्टेडियमच्या खुर्च्या, टीव्हीचे हक्क, कोचचे करार यांत कोट्यवधी डॉलर फिरत होते. नियमावलीची नजर चीजवर होती. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. डेव्हिसच्या धावेनंतर साडेसात वर्षांनी.

मोसम अजून संपला नव्हता. गटाच्या अंतिम सामन्यात ऑबर्नने मिझुरीला ५९-४२ असे हरवले. ट्रे मेसनला ४६ वेळा चेंडू दिला आणि तो ३०४ यार्ड धावला. शेवटी शेवटी मिझुरीचे गडी त्याला अडवण्याऐवजी त्याला दमायची वाट पाहत होते, आणि तो दमत नव्हता. मग ६ जानेवारी २०१४ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला, रोज बोल मैदानावर, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. समोर फ्लोरिडा स्टेट. त्यांचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन, नुकताच हाइसमन पुरस्कार मिळालेला, आणि त्याच दिवशी त्याचा विसावा वाढदिवस. ऑबर्न एका टप्प्यावर २१-३ असे पुढे होते. शेवटी मेसनने एक मिनिट एकोणीस सेकंद असताना टचडाउन करून ३१-२७ केले. तेच एक एकोणीस, जे टेक्सासमध्ये पुरले होते.

इथे पुरले नाही, म्हणजे फ्लोरिडा स्टेटला पुरून उरले. विन्स्टनने ८० यार्ड भराभर कापले, अगदी मालझानच्या पुस्तकातल्यासारखी घाई करत, आणि १३ सेकंद असताना केल्विन बेंजामिनला चेंडू दिला. ३४-३१. ऑबर्नकडे तेरा सेकंद होते. मागच्या दोन महिन्यांच्या हिशेबाने तेरा सेकंद म्हणजे मुबलक. पण त्या रात्री जॉर्जियाचे दोन खेळाडू हाताशी नव्हते.

त्या हिवाळ्यात नियम समितीपुढे एक प्रस्ताव आला: प्रत्येक डावाआधी बचाव करणाऱ्या संघाला खेळाडू बदलायला निदान दहा सेकंद मिळावेत. खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी, असे कारण दिले होते. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत सेबन होते. मालझान अर्थातच विरोधात होते आणि त्यांनी विचारले, सुरक्षिततेचा पुरावा कुठे आहे? मार्च २०१४ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सेबन यांच्या स्वतःच्या संघानेही घाईचा खेळ शिकून घेतला. त्याच वर्षीच्या आयर्न बोलमध्ये अलाबामाने ५५ गुण केले, ऑबर्नने ४४, आणि बचाव नावाची कला दोन्हीकडे सुट्टीवर गेली होती.

मालझान यांना ऑबर्नने २०२० च्या डिसेंबरमध्ये काढले. त्यासाठी विद्यापीठाला २ कोटी १४ लाख ५० हजार डॉलर मोजायचे होते. पुढचे कोच ब्रायन हार्सिन दोन मोसमही पुरे करू शकले नाहीत; त्यांच्यासाठीही सुमारे दीड कोटी डॉलर लागले. चिझिक यांचा आकडा आता सुट्या मोडीसारखा वाटतो. टूमर्स कॉर्नरला २०१५ मध्ये नवे ओक लावले, आणि २०१६ मध्ये एका विजयाच्या रात्री कोणीतरी पेपर गुंडाळलेल्या झाडाला आग लावली. ऑबर्नच्या झाडांना शत्रूची गरज उरलेली नाही, असेही म्हणता येईल.

सेबन यांनी जानेवारी २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. त्याआधी दीड महिना ते कोच म्हणून शेवटचे जॉर्डन-हेअरमध्ये आले होते. ऑबर्न २४-२० असे पुढे. अलाबामाचा चौथा प्रयत्न, आणि पट्टा ३१ यार्ड दूर. इतक्या अंतरावरून चौथ्या प्रयत्नात टचडाउनचा डाव कोणी पाठ करून ठेवत नाही. जेलन मिल्रोने चेंडू कोपऱ्यात भिरकावला आणि आयझाया बाँडने तो सीमारेषेला पाय न लावता झेलला. घड्याळात ३२ सेकंद होते. दहा वर्षांपूर्वी सॅमी कोट्सने बरोबरी साधली तेव्हा होते तेवढेच. ऑबर्नने शेवटची लांब फेक केली, ती अलाबामाच्याच हातात गेली. २७-२४. या वेळी घड्याळाबद्दल सेबन यांची काहीही तक्रार नव्हती.